तीन टोकांचा तारा आणि त्याचे मालक

परवां एका लग्नाच्या मांडवाबाहेर उभा असतां फुलांनीं सजविलेली एक पांढरी मोटार दारांत येऊन थांबली. तिच्या तोंडावर वर्तुळांतला तीन टोकांचा तारा चमकत होता. माझ्याशेजारीं उभ्या असलेल्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलानें मला विचारलें, "काका, मर्सिडीज हें माणसाचें नांव कीं गांवाचें?" प्रश्न साधा होता, परंतु उत्तर देतांना मी अडखळलों. ज्या दोघां जर्मन यंत्रज्ञांच्या खटपटींतून ही मोटार जन्मास आली त्यांपैकीं एकाचेंहि हें नांव नव्हे. हें नांव आहे एका मुलीचें. आणि तीहि कारखानदाराची मुलगी नव्हे, गिऱ्हाइकाची! कारखाना आपला, भांडवल आपलें, बुद्धि आपली, आणि नांव मात्र गिऱ्हाइकाच्या घरचें, असा प्रकार व्यापाराच्या इतिहासांत विरळाच. त्या मुलास मीं तेवढ्यापुरतें "मुलीचें" असें सांगून वाटेस लाविलें. पण घरीं आल्यावर प्रश्न मनांतून जाईना. या मोटारीची हकीकत पुन्हा चाळतांना माझ्या असें ध्यानांत आलें कीं, या कारखान्यास महत्त्वाच्या प्रसंगीं शहाणपण शिकविलें तें बहुधा गाडी वापरणारांनीं. श्रोते हो, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

जर्मनींतील मानहाइम शहरीं कार्ल बेंझ नांवाचा यंत्रज्ञ राहत असे. २९ जानेवारी १८८६ रोजीं त्यानें आपल्या तीन चाकी मोटारीचें पेटंट मागितलें. ३७४३५ हा त्या पेटंटाचा क्रमांक म्हणजे मोटारीचा जन्मदाखलाच होय. आज ती गाडी पाहिली तर हंसूं यावें : सायकलीसारखीं तारांचीं तीन चाकें, बसावयास टांग्यासारखें बांक, त्याच्यामागें एकाच नळकांड्याचें यंत्र, आणि त्याची शक्ति एका घोड्याहूनहि कमी. ताशीं सोळा किलोमीटर हा तिचा परम वेग. लोक जमत, पाहत, घोडे बुजतात म्हणून कुरकुरत. पण विकत कोणी घेईना. बेंझ स्वतः अत्यंत सावध मनुष्य. यंत्र आणखी थोडें सुधारूं, मग पाहूं, असें म्हणण्यांत त्याचीं दोन वर्षें गेलीं. अशीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्यांच्या हातचें काम उत्तम असतें, फक्त तें कधीं पुरें होत नाहीं.

त्याची पत्नी बेर्टा हिचा स्वभाव निराळा होता. लग्नापूर्वींच आपल्या हुंड्याची रक्कम तिनें या उद्योगांत घातली होती. शेजारीपाजारी 'घातली' न म्हणतां 'घालविली' म्हणत असतील. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत एके दिवशीं पहाटे, नवरा झोंपेंत असतां, तिनें पंधरा व तेरा वर्षांच्या आपल्या दोघां मुलांस उठविलें, गाडी आवाज न करतां बाहेर ढकलीत नेली, आणि ती तिघें फोर्झहाइमच्या वाटेस लागलीं. फोर्झहाइम हें तिचें माहेर, सुमारें शंभर किलोमीटरांवर. तोंवर कोणतीहि मोटार इतकें अंतर चालली नव्हती. माहेरीं जाण्याचें निमित्त आपल्याकडील स्त्रियांप्रमाणें तिलाहि पुरेसें होतें. खरा हेतु नवऱ्यास आणि जगास गाडी चालते हें दाखविण्याचा होता.

वाट घोडागाड्यांची, आणि पेट्रोलचे पंप तर जगांत कोठेंच नव्हते. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठीं लिग्रोइन नांवाचें एक द्रव औषधांच्या दुकानांत मिळे. तेंच गाडीचें इंधन. वीसलोख या गांवीं एका औषधवाल्याच्या दुकानांत बेर्टानें तें विकत घेतलें. जगांतील पहिला पेट्रोलपंप म्हणून तें दुकान आज प्रवासी पाहावयास जातात. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, ती तिनें टोपीच्या टांचणीनें मोकळी केली. ठिणगीची तार घासून उघडी पडली, तिला पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. यंत्र गार ठेवणारें पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून विहीर दिसेल तेथें थांबावें लागे. चढ आला कीं यंत्राचा दम संपे. मग दोघे मुलगे उतरून गाडी ढकलीत. उतारावर निराळेंच संकट! लांकडी ब्रेक झिजून गुळगुळीत झालेले. तेव्हां एका चांभाराकडून तिनें त्यांवर चामडें ठोकून घेतलें. संध्याकाळीं माहेरीं पोंचल्यावर नवऱ्यास सुखरूपपणाची तार केली.

कांहीं दिवसांनीं ती परतली तेव्हां तिच्याजवळ तक्रारींची यादीच होती. ब्रेकला चामडें पाहिजे. चढासाठीं आणखी एक गिअर पाहिजे. बेंझनें तो गिअर बसविला. यांतली एकहि गोष्ट कारखान्याच्या आवारांत कळण्यासारखी नव्हती, कारण आवारांत चढ नव्हता. मोटारीचा शोध बेंझनें लाविला हें खरें. परंतु मोटार वापरणें म्हणजे काय याचा शोध त्याच्या बायकोनें लाविला असें म्हटल्यास त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं.

मानहाइमपासून शंभरेक किलोमीटरांवर, श्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथें, गोट्लीब डाइम्लर आणि त्याचा सहकारी विल्हेल्म मायबाख हे याच उद्योगांत गुंतले होते. १८८६ सालींच त्यांनीं चार चाकी गाडीवर आपलें यंत्र चढविलें. बेंझ व डाइम्लर यांची आयुष्यांत कधीं गांठ पडली नाहीं असें सांगतात. आपलीं नांवें पुढें एकत्र उच्चारलीं जातील हें दोघांसहि ठाऊक नव्हतें. आणि ६ मार्च १९०० रोजीं डाइम्लर वारला.

आतां ज्या गिऱ्हाइकाचा उल्लेख मीं प्रारंभीं केला तो येथें येतो. एमिल येलिनेक हा व्हिएन्नाच्या एका विख्यात यहुदी धर्मगुरूचा मुलगा. घरांत विद्या, पण या चिरंजीवांचें लक्ष व्यापाराकडे. पैसा मिळवून तो हिंवाळा दक्षिण फ्रान्समधील नीस येथें घालवी. युरोपांतील धनिक व राजघराण्यांतील मंडळी हिंवाळ्यांत तेथेंच जमत. येलिनेकनें कानश्टाटहून डाइम्लर गाड्या आणविल्या, स्वतः हांकल्या, मित्रांना विकल्या; आणि प्रत्येक गाडीबरोबर कारखान्यास एक तक्रारीचें पत्र जाऊं लागलें. गाडी हळू चालते, यंत्र अशक्त आहे, ठेवण जुनाट आहे! पत्रांची भाषा कडक. यंत्रज्ञांस तो आपले पगारी नोकर समजत होता कीं काय अशी शंका यावी. अशा गिऱ्हाइकास पुष्कळ दुकानदार दार दाखवितात. परंतु हा मनुष्य तक्रार करी आणि पुन्हा गाड्याहि विकत घेई, हें कारखान्याच्या ध्यानांत आलें होतें.

१९०० च्या मार्च महिन्यांत नीसजवळच्या ला तुर्बी घाटांतील शर्यतींत विल्हेल्म बाउअर हा कारखान्याचा चालक अपघातांत मरण पावला. नुकताच डाइम्लर गेलेला, त्यांत हा आघात. आतां शर्यतींचा नाद सोडावा असें कारखान्यांतील मंडळींस वाटूं लागलें. येलिनेकनें उलट सांगितलें. गाडी घातक ठरते ती वेगामुळें नव्हे. ती उंच आणि आंखूड आहे म्हणून. तिला लांब करा, रुंद करा, जमिनीजवळ आणा, यंत्र खालीं बसवा, आणि तें बळकट करा. अशा छत्तीस गाड्या मी घेतों, त्यांचे साडेपांच लाख सुवर्ण मार्क देतों. मात्र तिला माझ्या मुलीचें नांव पाहिजे. मुलीचें नांव मर्सिडीज. वय तेव्हां दहा. स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थ कृपा असा आहे. बाप शर्यतींतहि याच टोपणनांवानें उतरत असे.

मायबाखनें ती गाडी घडविली. पस्तीस अश्वशक्तीची ही पहिली मर्सिडीज २२ डिसेंबर १९०० रोजीं येलिनेकच्या हवालीं झाली. तिच्या पुढच्या बाजूस मधमाशांच्या पोळ्यासारखा जो रेडिएटर होता त्याबद्दल थोडें सांगितलें पाहिजे. यंत्र मोठें केलें कीं तापतें फार. पाण्यानें गार करावें तर पाणीच उकळतें. मायबाखनें आठ हजार सत्तर बारीक चौकोनी नळ्या एकत्र जोडून एक जाळी केली. नळ्यांतून वारा जाई, त्यांच्या फटींतून पाणी फिरे. थोड्या पाण्यांत मोठें यंत्र गार राहूं लागलें, आणि मोठें यंत्र वापरणें प्रथमच सोयीचें झालें. १९०१ च्या मार्चमध्यें नीसच्या शर्यती झाल्या आणि या गाडीनें इतर गाड्यांस मागें टाकिलें. टांग्यासारखी दिसणारी मोटार त्या आठवड्यांत जुनी झाली. पुढें यंत्र, मागें बसणारे, सपाट बैठक, ही ठेवण पुढील अनेक पिढ्यांच्या मोटारींनीं उचलली.

१९०२ सालीं मर्सिडीज हें नांव कायदेशीर व्यापारचिन्ह झालें. दुसऱ्याच वर्षीं येलिनेकनें आपलेंच आडनांव बदलून येलिनेक-मर्सिडीज असें केलें. मुलीनें बापाचें नांव लावावें ही जगाची रीत. येथें बापानें मुलीचें लाविलें. तो १९१८ सालीं जिनेव्हा येथें वारला. ती मुलगी १९२९ सालीं व्हिएन्ना येथें वारली, तेव्हां तिचें वय अवघें एकोणचाळीस होतें.

ताऱ्याची कथा लहानशी आहे. डाइम्लरनें पूर्वीं एकदां घरीं पाठविलेल्या चित्रपत्रावर आपल्या बिऱ्हाडाच्या जागीं तारा काढला होता. त्याच्या मुलांना तें आठवलें, आणि १९०९ सालीं तीन टोकांचा तारा नोंदविण्यांत आला. जमीन, पाणी आणि आकाश या तिन्ही ठिकाणीं आपलीं यंत्रें चालावींत ही आकांक्षा तीन टोकांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन चलन मातीमोल झालें, गाड्या घेणार कोण अशी अवस्था आली, आणि १९२६ च्या जूनमध्यें डाइम्लर व बेंझ हे दोन प्रतिस्पर्धी कारखाने एक झाले. डाइम्लरचा तारा आणि बेंझची लॉरेलपानांची माळ एका वर्तुळांत आली. गाडीचें नांव मर्सिडीज-बेंझ ठरलें. डाइम्लर हें नांव वापरण्याचे हक्क पूर्वींच परदेशीं दिलेले असल्यामुळें, इंग्लंडांत तर त्या नांवाचा स्वतंत्र कारखानाच असल्यामुळें, गाडीवर तें आलें नाहीं. बिचारा डाइम्लर कंपनीच्या पाटीवर राहिला आणि गिऱ्हाइकाची मुलगी गाडीवर.

येथवर मीं गिऱ्हाइकाची स्तुति केली. परंतु गिऱ्हाइकाचें ऐकणें हा गुण म्हणावा, तर गिऱ्हाईक कोण आहे हेंहि पाहावें लागतें. १९३० सालीं निघालेली 'थोरली मर्सिडीज' पदच्युत कैसर दुसरा विल्यम याच्या पदरीं होती, जपानच्या सम्राटाच्याहि होती. हे झाले शोभेचे मालक. १९२४ सालीं लँड्सबर्गच्या तुरुंगांतून म्यूनिख येथील बेंझ गाड्यांच्या विक्रेत्यास एका कैद्यानें पत्र पाठविलें. त्यांत दोन नमुन्यांच्या गाड्यांची चौकशी होती, आणि किंमतींत सूट मिळावी अशी विनंति होती. त्या कैद्याचें नांव अडॉल्फ हिटलर. नऊ वर्षांनीं तोच मनुष्य जर्मनीचा सर्वाधिकारी झाला. उघड्या मर्सिडीजमध्यें उभा राहून हात पुढें केलेली त्याची मूर्ति आपण सर्वांनीं चित्रपटांत पाहिली आहे. यहुद्यांचा समूळ नाश करूं इच्छिणारा हा मनुष्य ज्या गाडींत उभा असे, तिच्यावर एका यहुदी धर्मगुरूच्या नातीचें नांव होतें. कोणा नाटककारानें हें रचलें असतें तर टीकाकारांनीं त्यास कृत्रिम म्हटलें असतें.

युद्धांत कारखान्यानें लष्करासाठीं वाहनें आणि विमानांचीं यंत्रें बनविलीं. १९४४ सालीं तेथें ६३,६१० लोक काम करीत होते, आणि त्यांपैकीं जवळजवळ निम्मे स्वखुषीनें आलेले नव्हते : परदेशांतून धरून आणलेले मजूर, युद्धकैदी, आणि छळछावण्यांतील बंदी. हा आंकडा कोणा शत्रूनें दिलेला नाहीं. कंपनीच्याच इतिहासांत तो आहे. त्याच वर्षीं ३ मे रोजीं बेर्टा बेंझ पंचाण्णव वर्षांची झाली. कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठानें तिला त्या दिवशीं मानाची पदवी दिली, आणि दोन दिवसांनीं ती लाडेनबुर्ग येथील आपल्या घरीं वारली. हुंड्याच्या पैशानें ज्याला हातभार लाविला त्या उद्योगाच्या भिंतींआड तेव्हां काय चाललें होतें, याची तिला कल्पना होती कीं नव्हती, कोण सांगणार! त्या सप्टेंबरांत बाँबहल्ल्यांनीं कारखाने उद्ध्वस्त झाले. सक्तीच्या मजुरांची दाद लागावयास मात्र फार वर्षें लागलीं. १९८८ सालीं कंपनीनें दोन कोटी मार्क दिले, आणि २००० सालीं जर्मन सरकार व उद्योगपति यांनीं मिळून केलेल्या निधींत ती सामील झाली. तोंवर पुष्कळसे हक्कदार हयात नव्हते. या मोटारीचें कौतुक ज्याला करावयाचें असेल त्यानें हा हिशेब बाजूस ठेवून तें करूं नये असें मला वाटतें.

युद्धानंतर कारखाना उठला तो राजेरजवाड्यांच्या गाड्यांवर नव्हे. १९४६ सालीं जुन्या १७० या नमुन्याच्या मालवाहू गाड्या व रुग्णवाहिका प्रथम बाहेर पडल्या. बसण्याची गाडी दुसऱ्या वर्षीं. पुढें कारखान्यास नवा मालक भेटला : टॅक्सीवाला. आणि टॅक्सीवाल्यास हवें होतें डीझेल.

डीझेल यंत्राचें मर्म असें. पेट्रोलच्या यंत्रांत वायु आणि इंधन यांच्या मिश्रणास विजेची ठिणगी पेटविते. डीझेलांत ठिणगी नसते. नळकांड्यांत नुसती हवा ओढून ती वीसेक पट दाबतात; दाबानें ती इतकी तापते कीं, तींत डीझेलचा फवारा सोडतांच तो आपोआप पेट घेतो. सायकलीचा पंप मारतांना त्याचें तोंड गरम होतें, तोच हा नियम. एवढा दाब सोसावयाचा म्हणजे यंत्र जाड व जड करावें लागतें. म्हणून तें धिमें, आणि म्हणूनच दीर्घायु. १९३६ सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत २६० डी ही डीझेलवर चालणारी मोटार मांडण्यांत आली. शंभर किलोमीटरांस तिला साडेनऊ लिटर तेल लागे. तेवढीच पेट्रोलची गाडी तेरा लिटर पिई. श्रीमंताला हा फरक दिसत नाहीं; दिवसभर मीटर टाकून हिंडणाराला दुसरें कांहीं दिसत नाहीं.

युद्धोत्तर काळांत जर्मनींतील टॅक्सी म्हणजे डीझेलची मर्सिडीज असें समीकरणच झालें. त्यांपैकीं १२३ या क्रमांकानें ओळखला जाणारा नमुना १९७६ पासून दहा वर्षें निघत होता, आणि त्याच्या सत्तावीस लाखांच्या आसपास गाड्या झाल्या. नवी गाडी मिळण्यास इतके दिवस लागत कीं, वर्षभर वापरलेली गाडी नवीच्या भावानें विकली जाई. त्या गाड्यांच्या मालकांचे अनुभव ऐकण्यासारखे आहेत. त्यांतली सर्वांत अशक्त जी २०० डी, तिला थांबलेल्या स्थितींतून ताशीं शंभरचा वेग गांठण्यास अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागे. पुढची बैलगाडी ओलांडण्याचा निर्णयहि विचारपूर्वक घ्यावा लागे असें म्हणण्यास हरकत नाहीं. थंडींत यंत्र सुरू करण्यापूर्वीं नळकांड्यांतील तापक लाल होईपर्यंत थांबावें लागे. जर्मन चालक या अवधीस 'रुडॉल्फ डीझेलच्या स्मृत्यर्थ एक मिनिट' असें थट्टेनें म्हणत. आपल्याकडे सभेंत श्रद्धांजलीसाठीं उभे राहतात, तसे हे लोक रोज सकाळीं गाडींत बसून राहत!

आणखी एक गंमत. पेट्रोलच्या गाडीची चावी फिरविली कीं ठिणगी बंद होते आणि यंत्र थांबतें. डीझेलास ठिणगीच नाहीं, मग तें थांबवावयाचें कसें? या गाड्यांत चावी फिरवितांच एका बारीक नळींतील निर्वाताच्या ओढीनें तेलाचा पुरवठा तुटतो. दारांचीं कुलुपेंहि अशाच नळ्यांवर चालतात, आणि सगळें जाळें एकमेकांस जोडलेलें. मागल्या दाराच्या कुलपांतील रबर फाटलें तर कधीं कधीं असें होई कीं, मालक चावी काढून खालीं उतरला तरी यंत्र आपलें खडखडत आहेच. मग टप उघडून आंतला तांबडा खटका दाबावयाचा. हा खटका कारखान्यानेंच ठेवलेला होता. जुने मालक ही खोड सांगतात ती तक्रार म्हणून नव्हे. घरांतील वडील माणसाची खोड सांगावी तशी.

जर्मनींत आयुष्य संपलें म्हणजे या टॅक्सी आफ्रिकेंत जात. मोरोक्को देशांत त्या 'मोठी टॅक्सी' म्हणून गांवोगांव धांवत. पुढें दोन आणि मागें चार उतारू, सातवा चालक. आपल्याकडील वडापवाल्यांस यांत नवल वाटणार नाहीं. २०१४ सालापासून तेथील सरकारनें जुन्या गाड्या मोडींत काढण्यासाठीं पैसे देण्यास आरंभ केला, तेव्हां कोठें त्यांची जागा दुसऱ्या गाड्यांनीं घेतली.

आपल्या देशाशींहि या ताऱ्याचें नातें श्रीमंती मोटारींपेक्षां ओझ्याच्या गाड्यांनीं अधिक जोडलें. १९५४ सालीं टाटांच्या टेल्को कंपनीनें डाइम्लर-बेंझशीं पंधरा वर्षांचा करार केला, आणि जमशेटपूरच्या कारखान्यांतून टाटा-मर्सिडीज मालमोटारी बाहेर पडूं लागल्या. १९६९ सालीं करार संपला, तारा गेला. तरी आपल्याकडील वृद्ध ड्रायव्हर 'मर्सिडीज' म्हणत तें बंगल्यापुढील मोटारीस नव्हे, घाट चढणाऱ्या मालमोटारीस. बसण्याच्या मर्सिडीज गाड्या येथें जुळूं लागल्या त्या १९९५ पासून, पुण्याजवळ पिंपरीच्या टेल्को कारखान्यांत; २००९ पासून चाकण येथें स्वतंत्र कारखाना चालूं झाला. पहिली गाडी जी आली तिचा नमुना जर्मनींत त्याच वर्षीं निवृत्त होत होता. परदेशी मालाबद्दल आपली भक्ति मोठी खरी, पण पंचांग पाहण्याची आपली संवय त्याहून जुनी आहे.

कारखान्यानें वापरणारापासून शिकण्याची रीत एका बाबतींत मुद्दाम जोपासली. गाडीचा मधला भाग मजबूत ठेवून पुढची व मागची बाजू धडकेंत चुरडूं द्यावी, म्हणजे धक्का माणसापर्यंत पोंचत नाहीं, ही कल्पना बेला बारेन्यी या यंत्रज्ञानें काढली. १९५९ च्या गाडींत ती प्रथम अमलांत आली. १९६९ पासून आसपासच्या रस्त्यांवर अपघात झाला कीं कारखान्याचीं माणसें तेथें जाऊन काय मोडलें, कसें मोडलें, कोणास कोठें लागलें याची नोंद करूं लागलीं. मालकाचें दुर्दैव हेंहि एक प्रकारचें पत्रच. तें वाचण्याची व्यवस्था त्यांनीं केली.

इतकें असूनहि गर्व शिरावयाचा तेव्हां शिरलाच. 'सर्वोत्तम, नाहीं तर कांहींच नाहीं' असें डाइम्लरचें ब्रीद सांगतात. १९९७ सालीं कंपनीनें ए-क्लास ही लहान मोटार काढली. ऑक्टोबरांत एका स्वीडिश मोटारमासिकाच्या परीक्षकांनीं ती तपासली. स्वीडनच्या रस्त्यांवर अकस्मात् मोठें सांबर आडवें येतें, तेव्हां गाडी एकदम वळवून पुन्हा सरळ करतां यावी लागते. त्या परीक्षेंत ही गाडी सरळ उलटली. आधीं कंपनीनें ही गोष्ट उडवून लाविली; परीक्षाच अवास्तव आहे असा तिचा सूर होता. पण रस्त्यावर सांबर येतें कीं नाहीं हें सांबर ठरवितें, कंपनी नव्हे. अखेर विक्री थांबविली, आणि गाडी घसरूं लागतांच एकेका चाकाचा ब्रेक आपोआप दाबून तिला सांवरणारी ईएसपी नांवाची योजना, जी दोन वर्षांपूर्वीं महाग गाड्यांत प्रथम आली होती, ती या स्वस्त गाडीस सरसकट बसविली. २०१४ पासून युरोपांतील प्रत्येक नव्या मोटारीस अशी योजना सक्तीची झाली.

ती लाज कामास आली. पण पुढचीं वर्षें तितकीं भाग्याचीं नव्हतीं. १९९८ सालीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं विवाह झाला, तो २००७ सालीं मोडला. या काळांतल्या गाड्यांच्या मालकांचे अनुभव वडिलांच्या अनुभवांसारखे नव्हते. १९९५ नंतरच्या ई-क्लास गाड्यांच्या दारांवर व चाकांवरच्या कमानींवर चार-सहा वर्षांत गंजाचे फोड दिसूं लागले. विजेच्या सूक्ष्म यंत्रणा केव्हां रुसतील याचा नेम राहिला नाहीं. मर्सिडीज गंजते हें वाक्य ऐकावयाची ज्यांस संवय नव्हती त्यांनीं संताप केला, आणि तो योग्य होता. २००५ च्या मार्चअखेर कंपनीस तेरा लाख गाड्या तपासणीसाठीं परत बोलवाव्या लागल्या.

त्याच्या आदल्याच वर्षीं, २००४ सालीं, ग्रीस देशांतील थेसालोनीकी शहरच्या एका टॅक्सीवाल्याची गाडी श्टुटगार्टच्या संग्रहालयाकडे आली. २४० डी, १९७६ सालची. त्यानें ती १९८१ सालीं जुनीच घेतली होती, तेव्हां ती दोन लाख वीस हजार किलोमीटर चाललेली. तेवीस वर्षें त्यानें ती हांकली, यंत्र दमलें म्हणजे उतरवून दुसरें चढविलें, पहिलें दुरुस्त करून पुन्हा बसविलें. एकंदर ४६ लाख किलोमीटर! पृथ्वीपासून चंद्रापर्यंत सहा वेळां जाऊन सहा वेळां परत यावें इतकें तें अंतर आहे. कंपनीनें जुनी गाडी ठेवून घेतली आणि त्यास नवी मर्सिडीज दिली; तीहि डीझेलचीच.